वडिलांकडचा कॅन्सर 'धरतात' का? जीन टेस्ट कुणी केलीये का?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं वय ३४, मुलगी ६ वर्षांची, माहेर तासगाव, सध्या पुण्यात. मला दोन आत्या. थोरली आत्या २००९ मध्ये गेली, ४९ व्या वर्षी. "पोटात पाणी झालं होतं" एवढंच आम्हाला माहीत, घरात सगळे लिव्हर लिव्हर म्हणायचे. धाकट्या आत्याला ४१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, मिरजेला ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता ५९ ची आहे आणि ठणठणीत आहे, द्राक्षबागेत अजून स्वतः जाते. बाबा या दोघींच्या मधले, त्यांना काही नाही. आजी म्हणजे बाबांची आई फार लवकर गेली, बाबा चौथीत होते, कशाने ते कुणी बोलतच नाही.

हे सगळं मी कधी एकत्र जोडून बघितलंच नव्हतं. आता दोन महिन्यांपूर्वी थोरल्या आत्याच्या मुलीला (वय ३८) छातीत गाठ लागली आणि बायोप्सीत ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरचा जास्त आक्रमक प्रकार आला. तिच्या डॉक्टरांनी जीन टेस्ट करायला सांगितलीये. पण तिच्या माहेरी आतेभावाचं लग्न जमत आलंय, आणि मामंजी म्हणतात (म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर) की असलं काही कागदावर आलं तर मुलीकडचे मागे फिरतील, लग्न होऊन जाऊ दे मग बघू. ती बिचारी केमोत आहे, तिच्यात भांडायची ताकद नाही.

मी गेल्या आठवड्यात माझ्या इथल्या एका डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या आई, मावशी, बहीण यांना आहे का? नाही ना? मग वडिलांकडचं नाही धरत आपण. मला हे पटलं पण आणि नाही पण. तर प्रश्न असे की वडिलांकडचं खरंच धरत नाहीत का, आणि आतेबहीण करत नसेल तर मी थेट माझीच टेस्ट केली तर चालेल का. नवऱ्याचं म्हणणं कर आणि मोकळी हो. इन्शुरन्सचं पण कुणाला माहीत असेल तर सांगा.

पोहे_विथ_सांबार

धरतात!! शंभर टक्के धरतात. बाबांनी तुला अर्धे जीन्स दिलेत की नाही? त्यात नाक त्यांचं घेतेस, तापटपणा त्यांचा घेतेस, मग हेच कसं नाही येणार. डॉक्टर बदल आधी.

अण्णा_विट्याचे

ताई, राग मानू नका पण हे असलं शोधत बसलं की माणूस आजारी नसताना आजारी पडतो. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तंबाखू खाल्ली, ८४ ला गेले, झोपेत. ज्याच्या नशिबात जे आहे ते होणार. ती हॉलिवूडची बाई नाही का, काही झालेलं नसताना सगळं काढून बसली. पैसेवाल्यांचे उद्योग.

गुणसूत्रधार

मी जेनेटिक कौन्सेलर आहे, मुंबईत काम करतो. इथे तपासल्याशिवाय कुणाला सल्ला देत नाही, पण धाग्यात इतक्या गोष्टी मिसळल्यात की लिहिल्याशिवाय राहवेना.

वडिलांकडचं धरतात आणि आईकडच्याइतकंच धरतात. स्तन आणि ओव्हरीचा कॅन्सर घराण्यात फिरतो तेव्हा ज्या दोन जीन्समध्ये बिघाड (आम्ही 'बदल' म्हणतो) आधी शोधतात, त्यातला बीआरसीए १ हा १७ व्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए २ हा १३ व्या. आम्ही बोलताना ब्राका म्हणतो. ही गुणसूत्रं बायकांना असतात तशीच पुरुषांनाही असतात, त्यामुळे बाप हा बदल मुलीला देऊ शकतो आणि स्वतः मात्र जन्मभर ठणठणीत राहू शकतो. म्हणूनच फसगत होते. वडिलांना भाऊच भाऊ असले तर तीन पिढ्या घरात काहीच दिसत नाही आणि मग एकदम एखाद्या नातीला पस्तिशीत होतो, सगळे म्हणतात आमच्या घरात कुणालाच नव्हतं. अर्थात पुरुष अगदी सुटतात असंही नाही, ब्राका २ असेल तर प्रोस्टेटचा धोका वाढतो, स्वादुपिंडाचा वाढतो, आणि हो, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

आता तुमचं गणित. ट्रिपल निगेटिव्ह, तेही अडतिसाव्या वर्षी, आणि त्याच घरात ४१ ला ब्रेस्ट. एवढ्यावरच कुठलाही जाणकार माणूस टेस्ट करा म्हणेल. समजा आतेबहिणीत बदल सापडला आणि तो तिच्या आईकडून म्हणजे तुमच्या थोरल्या आत्याकडून आलेला असला, तर तुमच्या बाबांमध्ये तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्यात त्याच्या निम्मी, म्हणजे २५ टक्के. बाबांची टेस्ट निगेटिव्ह आली तर तुमचा आणि तुमच्या मुलीचा विषय तिथेच संपला, तुम्हाला सुई टोचायचीही गरज नाही.

आणि म्हणूनच "मी थेट माझीच करते" याला माझा नकार आहे. म्हणजे करता येते, लॅबवाले पैसे घेऊन करतीलही. पण निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ काय लावणार? घरात जो बदल फिरतोय तो तुम्हाला मिळालाच नाही, की त्या टेस्टला तो दिसलाच नाही, की घरातला कॅन्सर तिसऱ्याच कुठल्या कारणाने आहे, काहीच कळत नाही. खोटा दिलासा घेऊन घरी जाल. किल्ली हरवलीये हे माहीत आहे पण कुठल्या कुलपाची ते माहीत नाही, तसं आहे हे. ज्याला कॅन्सर झालाय त्याची टेस्ट आधी, त्यात बदल सापडला की बाकीच्यांची फक्त तेवढीच एक जागा तपासायची, ती स्वस्तही पडते आणि उत्तरही स्पष्ट हो किंवा नाही मिळतं. आतेबहीण तयार नसेल तर धाकटी आत्या आहे की! तिलाही ४१ ला झालाय, ती जिवंत आहे, तिचं रक्त चालेल. थोरल्या आत्याचं कुठे ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली असेल तर तिथले मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कधीकधी ठेवलेले असतात, पण इतक्या जुन्या ब्लॉकमधून नीट डीएनए मिळेलच असं नाही.

अण्णा, अँजेलिना जोलीबद्दल. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली होती आणि तिच्यात ब्राका १ चा बदल सापडला होता, म्हणून २०१३ मध्ये तिने स्तन काढले आणि २०१५ मध्ये ओव्हरी. हौस म्हणून नाही. पण तुमच्या एका मुद्द्याशी सहमत आहे, प्रत्येकाने उठून ही टेस्ट करायची नसते. एकूण कॅन्सरपैकी अंदाजे ५ ते १० टक्केच असे वारशाने आलेले असतात. सत्तरीत एखाद्या आजीला ब्रेस्ट कॅन्सर झाला आणि बाकी घरात कुणाला काही नाही, तिथे मीच लोकांना परत पाठवतो.

आणखी एक, तुमच्या आतेभावाच्या लग्नापेक्षा हे महत्त्वाचं आहे. ही टेस्ट आधी तुमच्या आतेबहिणीच्या स्वतःच्या उपचारासाठी आहे. बदल निघाला तर दुसऱ्या बाजूच्या स्तनाचं काय करायचं हा सर्जरीचा निर्णय बदलू शकतो, ओलापरिबसारखं औषध काही पेशंटना त्यामुळेच मिळतं. लग्न होईपर्यंत थांबणं म्हणजे तिचे महिने खर्च करणं.

पोहे_विथ_सांबार

वा, डिटेल. "पोटात पाणी" वर काही बोलला नाहीत पण? मला तर तिथेच शंका आली.

गुणसूत्रधार

बरोबर पकडलंत. पोटात पाणी लिव्हरनेही होतं, टीबीनेही होतं. पण दारू न पिणाऱ्या ४९ वर्षांच्या बाईच्या पोटात पाणी, आणि बहीण आणि मुलगी दोघींना ब्रेस्ट, असं असेल तर ओव्हरीचा कॅन्सर होता का हे विचारायलाच हवं. जुने कागद शोधा, सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा वाढणारी रक्ततपासणी) असं कुठे लिहिलेलं सापडतंय का बघा. आपल्याकडे जुन्या बायकांचे आजार भलत्याच नावांनी झाकलेले असतात. "अंगावरून जायचं", "पोटात गोळा होता", "खंगत गेली". त्यामुळे काकांना विचारून उपयोग नसतो, घरात जी बाई तेव्हा धुणीभांडी करत होती, पेशंटचं करत होती, तिला विचारा.

कोलोनोस्कोपी_वारकरी

आयडी बघून कळलं असेलच 😄 मी पुरुष, वय ४३, नाशिक. आमच्याकडे ब्राका नाही, लिंच सिंड्रोम निघालं, म्हणजे आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर घराण्यात चालतो तो प्रकार. काकांना ४४ ला आतड्याचा, आजीला गर्भाशयाचा, आणि मग माझ्या सख्ख्या भावाला ३९ ला पुन्हा आतड्याचा. सगळे म्हणायचे तिखट खातात म्हणून होतं. भावाची टेस्ट केल्यावर एमएसएच २ या जीनमध्ये बदल सापडला, मग आम्ही बाकी तिघं भावंडं, तिघांत मी एकटा पॉझिटिव्ह. बहिणीला निगेटिव्ह आलं तर ती रडायला लागली, आम्हाला वाटलं आनंदाने, ती म्हणाली तुम्हा दोघांना आलं आणि मी सुटले कशी. हे पण होतं बरं, कुणी सांगत नाही.

आता दर दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. आदल्या रात्रीचं ते खारट पाणी पिणं हीच खरी शिक्षा, बाकी झोपेत होऊन जातं. गेल्या वेळी दोन पॉलिप काढले, कॅन्सर व्हायच्या आधीच गेले ते. अण्णा, याला नशीब म्हणा हवं तर.

ती "बाईला विचारा" वाली गोष्ट वाचून आठवलं म्हणून सांगतो, लिंचची सुरुवातच एका बाईपासून झाली. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली पॉलीन ग्रॉस नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात, मी पण तशीच जाणार. त्याने हसण्यावारी नेलं नाही, तिच्याकडून घराण्याची सगळी माहिती घेतली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई पुढे खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. जीन वगैरे कळायला अजून ऐंशी वर्षं होती, पण त्या बाईला घरातल्या मयतांवरून कळलं होतं.

डेट्रॉइटचा_देशस्थ

मी इकडे ती थुंकी पाठवायची किट घेतली होती, त्यात ब्राका निगेटिव्ह आलं. तसं इंडियात मागवता येणार नाही का? स्वस्त आहे.

गुणसूत्रधार

त्यावर अजिबात विसंबू नका. २०१८ मध्ये अशा एका किटला ब्राकासाठी अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली तेव्हा ती ब्राकाच्या हजारो बदलांपैकी फक्त ३ बघत होती, तेही अश्केनाझी ज्यू लोकांत जास्त आढळणारे. नंतर संख्या वाढवली, तरी ती पूर्ण जीन वाचणारी टेस्ट नाही. तुमचं निगेटिव्ह म्हणजे तेवढ्या जागा निगेटिव्ह.

तासगावची_लेक

सगळ्यांचे आभार, गुणसूत्रधार तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून बाबांना दिला.

रविवारी तासगावला गेले होते. आधी आमचा कुलवृत्तांत काढला, जाड पुस्तक आहे, बाबांना त्याचा भारी अभिमान. सात पिढ्या लिहिल्यात आणि त्यात एकही मुलगी नाही!! आत्या दोन्ही नाहीत, आजी म्हणजे "पत्नी" एवढंच, माहेरचं नाव पण नाही. फेकून द्यावंसं वाटलं.

मग बाबांच्या चुलतीकडे गेले, ८८ वर्षांची आहे, कानाने कमी ऐकते पण डोकं लखलखीत. आधी म्हणाली कशाला उकरतीस. मग चहा झाल्यावर स्वतःच सांगायला लागली. आजीचं पोट वाढायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं चौथ्यांदा दिवस गेलेत. सात-आठ महिने तसंच धरून चालले होते. मग खाणं सुटलं, हातपाय काड्या झाले आणि पोट तेवढं मोठं, तेव्हा कुठे सांगलीला नेलं, तिथून दोन दिवसात परत आणलं. वय विचारलं तर म्हणाली तुझ्या बाबाच्या मुंजीच्या वर्षी छत्तीस-सदतीस असंल. आणि मग जाता जाता म्हणाली "तिच्या थोरल्या भणीला पण छातीला फोड झाला होता, जतला दिली होती ती." जतच्या त्या आजीबद्दल बाबांनाच माहीत नव्हतं, त्यांची सख्खी मावशी!

थोरल्या आत्याची फाइल मामंजींकडे होती, त्यांनी ट्रंकेतून काढली. सीए १२५ चा रिपोर्ट आहे त्यात, आकडा चार अंकी आहे, म्हणजे खूपच वाढलेला. लिव्हर बिव्हर काही नव्हतं.

मोगरा_आणि_एमआरआय

अगं किती अंगावर आलं वाचताना. मी ब्राका १ पॉझिटिव्ह आहे, ठाणे, वय ४४. मला स्वतःला कॅन्सर झालेला नाही. आई ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, जायच्या आधी तिची टेस्ट झाली होती म्हणून मला नेमकं कळलं.

तू घाबरू नयेस म्हणून नाही, खरंच सांगतेय की रिपोर्ट आला त्या दिवशी काही बदलत नाही, तू आदल्या दिवशी होतीस तीच असतेस. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात ब्राका १ वाल्या बायकांना ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७२ टक्के आणि ओव्हरीचा ४४ टक्के असा आकडा आला होता, ब्राका २ ला ६९ आणि १७. मला कौन्सेलरने हे सांगितलं तेव्हा मी फक्त ७२ ऐकलं. घरी येऊन दोन दिवसांनी कळलं की अरे हा ऐंशीपर्यंतचा आकडा आहे, उद्याचा नाही.

मी स्तनांचं ऑपरेशन केलं नाही, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम करते. एमआरआयमध्ये पालथं झोपवतात, आवाज म्हणजे ड्रिल मशीन, मी मनात भीमरूपी म्हणते. ओव्हरी आणि नळ्या मात्र ३९ व्या वर्षी काढल्या, कारण ओव्हरीला धड तपासणीच नाही, सोनोग्राफी आणि सीए १२५ करत राहून जीव वाचतात असं दिसलेलं नाही, लक्षणं दिसेपर्यंत पसरलेला असतो. ब्राका १ ला मूल झालेलं असेल तर ३५ ते ४० मध्ये काढा म्हणतात. त्याने पाळी एका दिवसात गेली. लोक म्हणतात सुटलीस, पण रात्री दोनला घामाने उशी भिजते तेव्हा सुटल्यासारखं वाटत नाही. हे पण माहीत असू दे. मला तरी परत तेच करावंसं वाटेल.

माझ्या बहिणीने अजून टेस्ट केलेली नाही. तिला नकोय. चार वर्षं झाली, मी विषय काढणं सोडलं.

अण्णा_विट्याचे

हे वाचून गप्प बसलो आहे. माझ्या बायकोच्या दोन्ही मावश्या... जाऊ द्या, तिला विचारतो.

पॉलिसी_प्रकाश

इन्शुरन्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की जेनेटिक म्हणून सरसकट वगळणं हा भेदभाव आहे, त्यानंतर आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कंपन्यांना कळवलं की जेनेटिक आजार या एका कारणावर हेल्थचा क्लेम नाकारू नका. पण जेनेटिक माहितीवरून भेदभाव करू नये असा अमेरिकेत २००८ चा आहे तसा खास कायदा आपल्याकडे नाही. हेल्थ किंवा टर्म घ्यायचीच असेल तर टेस्टच्या आधी घेऊन ठेवलेली बरी, हे माझं प्रॅक्टिकल मत. फॉर्मवर घरातल्या आजारांचं किंवा टेस्टचं विचारलं असेल तर खोटं लिहू नका मात्र, पुढे क्लेमला तेच काढतात.

डेट्रॉइटचा_देशस्थ

आणि रिपोर्टमध्ये व्हीयूएस आलं तर काय? माझ्या मित्राच्या बायकोला तेच आलं, आणि तिला तिकडच्या कुणीतरी ऑपरेशन करून टाका म्हटलं.

गुणसूत्रधार

बाप रे. नाही! व्हीयूएस म्हणजे बदल दिसलाय पण तो घातक आहे की निरुपद्रवी ते अजून ठरलेलं नाही. आपल्याकडे हे जास्त येतं कारण जगातला बराचसा डेटा गोऱ्या लोकांचा आहे, आपल्यातले साधे बदलसुद्धा त्यांना नवीन वाटतात. पुढे माहिती जमते तसे यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसवर ऑपरेशन करायचं नाही, नातेवाईकांनाही त्यावरून घाबरवायचं नाही. घरातला इतिहास बघून तपासण्या ठरवायच्या आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारायचं. टेस्टच्या आधीही कौन्सेलरशी बोला, नंतरही बोला, नुसता रिपोर्ट व्हॉट्सअपवर घेऊन गूगल करत बसू नका. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये चालतं, तिकडे घरातल्या माहितीचा तक्ता घेऊन गेलात तर निम्मं काम झालेलं असेल. तक्त्यात आजीची ती जतची बहीण नक्की घाला. आणि प्रत्येकाचं सध्याचं वय नको, आजार कळला तेव्हाचं वय हवं.

तासगावची_लेक

अपडेट. फाइल बघितल्यावर मामंजी दोन दिवस बोलले नाहीत. मग काल त्यांचाच फोन आला, म्हणाले की बायकोला काय झालं होतं हे मला सतरा वर्षं माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच घरात लिव्हर सांगितलं, पोरीचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मला काय बोलावं सुचलं नाही. आता तेच म्हणतायत की घेऊन जा तिला. आतेभावाने होणाऱ्या बायकोला स्वतः सांगितलंय म्हणे, ती एमएस्सी बायोटेक आहे, तिने उलट त्यालाच विचारलं की तुझी टेस्ट कधी.

मंगळवारी आतेबहिणीचं रक्त द्यायला जायचंय. धाकटी आत्या पण येते म्हणतेय सोबत. केमोचं चौथं सायकल नुकतंच झालंय, तर रक्त चालेल ना? आणि उपाशीपोटी जायचं का? तिला सकाळी काही खाल्लं नाही की मळमळतं.

गुणसूत्रधार

केमो चालू असताना चालतं. उपाशी राहायची काहीच गरज नाही, पोटभर खाऊन येऊ दे. फक्त इतक्यात तिला बाहेरचं रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, मग थोडे दिवस थांबतात किंवा लाळेचा नमुना घेतात का ते विचारा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, थोडंसंच लागतं. रिपोर्टला तीन-चार आठवडे धरा. धाकट्या आत्याचं लगेच नको, आधी हिचं येऊ दे.

तासगावची_लेक

ओके. रक्त चढवलं नाहीये. आत्या तरीही येणार आहे, शेंगोळ्यांचा डबा घेऊन.